करवली हाय का?

करवली म्हणजे काय, हे मला आमच्या सरांना समजावून सांगावं लागलं होतं. भावाच्या हळदीला सुट्टी हवी म्हणून मी त्यांच्या केबिनमध्ये गेले होते. 'मी करवली आहे, माझ्याशिवाय हळद लागणार नाही' एवढं सांगितलं की काम होईल, असं मला वाटत होतं. सरांनी विचारलं, "ही करवली नक्की करते काय?" मी म्हणाले, "नवऱ्या मुलाच्या मागं उभी राहते. हातात पाण्यानं भरलेला कऱ्हा असतो. तो बसला की मागं, उठला की मागं." सर हसत सुटले. "अगं, मग हेच तर तुझं इथलं काम आहे. त्या दिवशी आपल्या नवरदेवाच्या मागं उभी राहा." सुट्टी मिळाली नाही.

'आपला नवरदेव' म्हणजे एक रॉक गायक. त्याचं नाव मी लिहिणार नाही, लिहिलं तर त्याला आनंदच होईल. चाळिशी ओलांडलेला, केस खांद्यापर्यंत, आवाज ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारा आणि वागणूक सांभाळणाऱ्याला रडवणारी. मूळचा मराठी, पण मराठी बोलायचा ते शिव्या देताना नाहीतर जेवण मागताना.

आमची कंपनी अशा कलाकारांचे कार्यक्रम लावते. कलाकार हॉटेलातून निघाल्यापासून स्टेजवर चढेपर्यंत त्याच्यासोबत एक माणूस लागतो. त्यानं बाटली, टॉवेल, चार्जर, घशाच्या गोळ्या सांभाळायच्या आणि मुख्य म्हणजे कलाकार हरवू द्यायचा नाही. ह्या माणसाला आमच्याकडे 'शॅडो' म्हणतात. माझ्याआधीचा त्याचा शॅडो नोकरी सोडून विमा विकायला लागला आणि सुखी झाला असं ऐकलं होतं. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधी वाद्यं आणि माइक तपासून घेणं, ह्या प्रकाराचा नवरदेवाला मनापासून तिटकारा होता. एका गावात साउंडचेकच्या वेळी तो हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात सापडला होता, बुटांसकट.

मी तेव्हा प्रोबेशनवर होते. नेरूळच्या स्टेडियममधला शो नीट पार पडला की मला पर्मनंट केल्याचं पत्र देणार, असं सरांनी सांगितलं होतं. हे पत्र मला का हवं होतं ते आमच्या दिवाळे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मी सीबीडीतल्या एका वकिलाच्या ऑफिसातली नोकरी सोडून इथं आले होते. वकिलाकडे मी दिवसभर नोटिसा टाइप करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचे. बाबांना हे नवं काम पसंत नव्हतं. आयुष्यभर होडी चालवलेला माणूस, त्यांना काम म्हणजे काहीतरी हाताला लागलं पाहिजे. "लोकांच्या मागं बाटल्या घेऊन फिरनं हा काय धंदा हाय?" असं ते जेवताना म्हणायचे. शेवटी तह झाला. पर्मनंट झाले तर ते काही बोलणार नाहीत, नाही झाले तर मी गुपचूप वकिलाकडे परत जायचं. त्या खुर्चीवर मला परत बसायचं नव्हतं. एवढं एक पत्र मिळू दे, मग काय वाटेल ते सहन करीन, असं मी एकवीराआईला सांगून ठेवलं होतं. तिनं माझं म्हणणं जरा जास्तच मनावर घेतलं.

हळद आणि शो एकाच दिवशी आले. आईला मी सांगितलं की साउंडचेक झालं की मधल्या वेळात धावत येईन, हळद लावीन आणि परत जाईन. नेरूळ आणि दिवाळं काय लांब आहे. आई तांदूळ निवडत राहिली. माझी आई बोलली नाही की समजावं, तिनं मनात लिहून ठेवलंय.

वाशीच्या हॉटेलातून आम्ही वेळेत निघालो. नवरदेव चक्क तयार होऊन खाली आला होता आणि त्याच वेळी मला भीती वाटायला हवी होती. पाम बीच रोडवर गाडी छान धावत होती. माझा फोन चार्जिंगला लावला होता, तो गाडीच्या स्पीकरला कधी जोडला गेला ते कळलं नाही. आईचा फोन आला आणि तिचा आवाज सगळ्या गाडीत घुमला.

"कवा येतंस गो? पाट मांडलाय, आत्याबाय येऊन बसलीय. तुज्याबगर हलद कशी लागंल?"

मी बटणं दाबत सुटले. मागून आवाज आला, "कुणाची हळद?"

"कुणाची नाही सर. घरचं आहे."

"तुझ्या भावाची?"

मी हो म्हणाले. खोटं बोलायला हवं होतं, पण आईच्या आवाजापाठोपाठ खोटं सुचत नाही.

"आणि तू इथं काय करतेस?" असं म्हणून त्यानं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, सरळ घ्या. दिवाळे."

त्याला माझी दया आली होती असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं हे वाचणं सोडून द्यावं. त्याला साउंडचेक चुकवायला निमित्त हवं होतं आणि ते माझ्या आईनं त्याच्या हातात आयतं दिलं. मी विनवण्या केल्या. हिंदीतून केल्या, मराठीतून केल्या. माझी नोकरी जाईल म्हणाले. तो म्हणाला, "पाच मिनिटं. हळद लाव, निघू." ड्रायव्हरला मी वळायला सांगत होते आणि तो सरळ जायला. ड्रायव्हर अर्थात त्याचं ऐकणार. नेरूळचं वळण मागं पडताना मी मान वळवून बघत राहिले.

दिवाळ्यात हळदीच्या दिवशी गाडी आत शिरत नाही. सुकत घातलेली मासळी आणि लोकांच्या दुचाक्या ह्यांच्यामधून आम्ही चालत निघालो. नवरदेव पुढं, मी त्याची बाटली आणि टॉवेल घेऊन मागं. आमच्या मांडवाबाहेर डीजे दणदणत होता आणि सगळी पोरं त्यापुढं नाचत होती, माझा भाऊही त्यांच्यातच कुठंतरी होता. त्या गर्दीत नवरदेवाला कुणी ओळखलं नाही. ओळखलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

मांडवात मात्र बायकांचं राज्य होतं. आमच्याकडे लग्नात धवलारीण लागते, धवले, म्हणजे विधींची गाणी, गाऊन लग्न लावणारी बाई. जुन्या काळी भटजी नसला तरी चालायचं, धवलारीण हवीच. आमची धवलारीण म्हणजे बाबांची आत्या. तिला सगळं गाव आत्याबाय म्हणतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, ऑपरेशन म्हटलं की ती भांडायला उठते. डीजेच्या धडधडीतही ती आपल्या पट्टीत गात होती आणि बाकीच्या बायका कामं करता करता मागून साथ देत होत्या. तिनं आवाज चढवला नव्हता, पण शब्दन् शब्द कळत होता.

नवरदेव जागच्या जागी थांबला. मग उकडतंय म्हणून त्यानं काळं जाकीट काढून माझ्या अंगावर फेकलं आणि ऐकायला जवळ जाऊन बसला. बसला तो बरोबर पाटावर. अंगात पांढरी बनियन. मी म्हणाले, "सर, तिथं नका बसू, तो पाट नवऱ्याचा आहे." त्यानं मला हातानं गप्प केलं. आई आत हळद कालवत होती, काकी ताटं मांडत होत्या. कुणाला हाक मारू ते सुचेना. मी सवयीनं त्याच्या मागं जाऊन उभी राहिले, एका हातात बाटली, दुसऱ्या हातात फोन.

आई घाईघाईत, पाटाकडं न बघताच हळदीची वाटी आत्याबायच्या पुढ्यात ठेवून गेली आणि मी हाक मारेपर्यंत कुंकू आणायला परत आत वळलीही. आत्याबायनं गाणं थांबवलं. तिला दिसत होती ती समोर पाटावर बसलेली पांढरी बनियन आणि मागं उभं असलेलं कुणीतरी. तिनं विचारलं, "करवली हाय का मागं?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. सर. आमच्या ऑफिसात फोन घेताना हॅलो म्हटलेलं सरांना चालत नाही, नमस्कार तर नाहीच. त्यांना सगळ्यांनी 'हाय' म्हणायचं असतं, त्यानं वातावरण मोकळं राहतं म्हणे.

"हाय, सर," मी म्हणाले.

आत्याबायला तेवढंच ऐकू आलं. करवली हाय. म्हणजे पाटावरचा नवरा. तिनं वाटीत बोटं बुडवली आणि माझ्या भावाची पहिली हळद त्या माणसाच्या दोन्ही गालांना, कपाळाला आणि खांद्यांना लावून टाकली. लावताना गातही होती.

आई कुंकू घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली. गाणारं एकेक तोंड बंद होत गेलं. नवरदेव डोळे मिटून बसला होता, त्याला वाटलं पाहुण्यांना लावतात.

"कुठं आहात?" फोनमधून सर विचारत होते.

"पाम बीचवर. ट्रॅफिक आहे."

"ट्रॅफिकमध्ये बायका गातायत?"

मी फोन कापला. त्यानं काही उपयोग झाला नाही, कारण आता पोरं आत शिरली होती. कुणीतरी नवरदेवाला ओळखलं होतं आणि माझा एक मावसभाऊ फोन उंच धरून लाइव्ह गेला होता. सरांना आता माझ्या उत्तरांची गरजच नव्हती.

काकीनं सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं. "पयली हलद परक्याला गेली. आता नवरीकडं उष्टी हलद पाठवायची ती कुनाची? ह्याची?" नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लागते, तिकडं नवरीची माणसं त्या वाटीची वाट बघत बसलेली असतात. आईचा तेव्हाचा चेहरा मला आजही डोळ्यांपुढं आणवत नाही. ती त्याच्याकडं बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती.

नवरदेवाला एव्हाना काहीतरी बिघडल्याचं कळलं होतं. "काकू, मी धुऊन टाकतो," असं म्हणत तो उठायला लागला तशा चार बायका एकदम ओरडल्या. नवऱ्याची हळद धुवायची म्हणजे काय, वेड लागलंय का. तो परत खाली बसला. त्याला असं मुकाट्यानं बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं, आणि तेही नको त्या वेळी.

शेवटी आत्याबाय बोलली. तिला कुणीतरी कानात सगळं सांगितलं होतं. ती ना घाबरली ना खजील झाली. "लागली ती लागली. हलद काय परत घेता येते? नवऱ्याला आनून बाजूला बसवा. वाटी नवी घ्या. पन पाटावर बसला तो हलद पुरी झाल्याबगर उठायचा नाय, दोगंबी."

म्हणजे सगळं पहिल्यापासून. पुन्हा हळद कालवायची, पुन्हा धवला, मग एकेका सुवासिनीनं यायचं. माझा भाऊ घामाघूम होऊन आत आला, बाजूच्या पाटावर बसला आणि कुणाच्या शेजारी बसलोय ते कळल्यावर लहान मुलासारखा हसायला लागला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात दिवसभर ट्रकवाल्यांशी डोकं लावणारा माझा भाऊ, त्याला ह्यात अपशकुन वगैरे काही दिसलाच नाही. आईनं कऱ्हा आणून माझ्या हातात दिला. बाटली मी खाली ठेवली. दोन नवरे आणि मागं मी एकटी.

फोन खिशात थरथरत होता. मी तो घेत नव्हते आणि तो थांबत नव्हता. धवला आपल्या चालीनं चालला होता. धवल्याला घाई कळत नाही, त्यात आई येते, बाप येतो, मामा येतो, प्रत्येकाचं नाव घेऊन त्याला हळद लावायला बोलावतात. मी मनातल्या मनात नातेवाईक मोजायला लागले आणि आमचं गोत एवढं मोठं का आहे म्हणून मला रडू यायला लागलं. भावाच्या हळदीत उभं राहून हळद लवकर संपू दे म्हणून देवाला हात जोडणारी करवली माझ्याशिवाय दुसरी झाली नसेल. आणि तरीही आत्याबायच्या आवाजानं मधूनच मी फोन विसरून ऐकत राहायचे, मग त्याचाही राग यायचा. मला दोन्हीकडं राहायचं होतं. दोन्हीकडं हजर असूनही मी कुठंच नव्हते.

मग मेसेज आला. सरांनी एकच ओळ लिहिली होती, शो रद्द झाला तर त्याला जबाबदार तू. मी वाचलं आणि फोन परत खिशात टाकला.

सगळ्या सुवासिनींची हळद लावून झाली. आत्याबाय थांबली, म्हणाली, "आता करवली." शेवटची हळद बहिणीनं लावायची, मग दोघं उठणार. मी पुढं झाले. एवढ्यात मांडवाच्या तोंडाशी आमचा ड्रायव्हर आला आणि म्हणाला, "मॅडम, स्टेडियमवरनं माणसं निघाल्यात. आपल्याला न्यायला इकडंच येतायत, पोलीस घेऊन." त्याला पोलीस म्हणायची गरज नव्हती. मांडवात एकदम कुजबुज झाली. बाबा खुर्चीतून उठले. माझ्या भावाच्या हळदीत पोलीस, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं.

मी नवरदेवाला दंडाला धरून उठवलं. "चला."

"अगं, तुझी हळद राहिलीय," तो म्हणाला. दिवसभरात एकदाच त्यानं शहाण्यासारखं काही म्हटलं आणि तेव्हाच मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"कऱ्हा सोडून जातंस?" आईनं विचारलं.

मागं माझी चुलतबहीण उभी होती. मी कऱ्हा तिच्या हातात दिला. तिनं तो घेतला, दुसरं काय करणार. भाऊ पाटावरून मान वर करून म्हणाला, "जा गो, काम हाय तुजा." तो रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं. मी बाहेर पडत असताना आत्याबायनं पुन्हा विचारलं, करवली हाय का मागं, आणि माझ्या चुलतबहिणीनं उत्तर दिलं.

गाडीत मी बोलले. सगळं बोलले. तुमच्यामुळं माझ्या भावाची हळद बाटली, माझी नोकरी चालली, माझी आई माझ्याशी बोलणार नाही, आणि तुम्ही इकडं काय करायला आला होतात, मजा बघायला? ड्रायव्हर आरशातून बघत होता. नवरदेव खिडकीला डोकं टेकवून धवल्याची चाल गुणगुणत होता. मी थांबले तेव्हा त्यानं विचारलं, "त्या आजी दुसरी ओळ ओढतात ती कशी?" मी सांगितलं नाही.

स्टेडियमच्या मागच्या गेटवर सर उभे होते. त्यांनी नवरदेवाला मिठी मारली. हळदीनं माखलेलं तोंड बघून फोटोवाले तुटून पडले, हा लूक कुणाची आयडिया म्हणून विचारायला लागले, आणि सर म्हणाले, आमच्या टीमची. साउंडचेक बुडालं होतं, पण त्या गडबडीत त्याचं कुणाला काही नव्हतं. तो आत गेला. जाताना मागं वळून बघितलं नाही, तशी त्याची पद्धतच नाही. मी त्याच्या मागं चार पावलं गेले तेव्हा सरांनी मला थांबवलं आणि माझ्या गळ्यातला पास काढून घेतला. ओरडले वगैरे नाहीत. "तुला तुझ्या घरचं एवढं महत्त्वाचं आहे, तर तू घरीच राहा," एवढंच म्हणाले.

त्यांना कुणी सांगावं की घरी माझी जागा भरलीय. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती. त्या दिवशी गेटबाहेर उभी राहून ती मला पहिल्यांदा समजली. आत गर्दी त्याच्या नावानं ओरडत होती. आईचा फोन आला.

"पोचला का तुजा पावना?"

"पोचला."

"आन तुजा काम?"

"झालं," मी म्हणाले. आई बरं म्हणाली. हळद झाली का, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

फोन ठेवते तोच आतून एक मुलगी धावत आली. माझ्यापेक्षाही लहान, गळ्यात माझाच पास उलटा घातलेला, हातात नवी बाटली आणि चेहऱ्यावर घाम. तिला कुणीतरी कुठल्यातरी दुसऱ्या कामावरून उचलून ह्या कामाला लावलं असणार. "ताई," ती म्हणाली, "आत कुणी काही सांगतच नाहीये. मी नक्की कुठं उभी राहू?"

"मागं," मी म्हणाले. "अगदी मागं. आणि उभी असताना कुणाचा फोन घेऊ नकोस."